देवाधर्माचं, पण कामाचं

दारव्ह्याकडे जाणाऱ्या एसटीत शेजारच्या तरुणाने माझ्या पिशवीतून डोकावणारी पुस्तकं पाहिली आणि सरळ विचारलं, "दादा, मले एखादं पुस्तक सांगा न. आईले वाचून दाखवाचं हाये. देवाधर्माचं पाह्यजे, पण नुसतं देवदेव नोको, कामाचंबी पाह्यजे." जरा थांबून म्हणाला, "अन् मागच्या जन्माचं काही असन तं तेबी चालते. आईले त्याच्यात लय गोडी हाये." सहा एकर कोरडवाहू, कपाशी आणि तूर. घरात 'गजानन विजय' आहे, त्याची पारायणं झालेली. विनोबांची 'गीता प्रवचने' लग्नात कुणीतरी दिलेली. मी घाईघाईत दोन नावं सांगितली आणि उतरलो. घरी आल्यावर वाटलं, आपण त्याला टाळलं. मागणी मोठी होती आणि उत्तर दोन नावांत संपणारं नव्हतं.

ही मागणी विचित्र वाटते ती वाचनालयात बसणाऱ्याला. वाचनालयाच्या वर्गीकरणात धर्माचा आकडा २०० आणि शेती, वैद्यक, यंत्रं यांचा ६००, दोन्ही कपाटं समोरासमोरच्या भिंतींना. दारव्हा तालुक्यातल्याच धामणगाव देवला मुंगसाजी महाराजांच्या ठिकाणी जत्रेत जाऊन पाहा. तिथे ताडपत्री अंथरून बसलेल्या पुस्तकवाल्याकडे आरतीसंग्रह, मोटर वायंडिंगची पुस्तिका, व्रतकथा, घरगुती औषधं, स्वप्नांची फळं, तीस दिवसांत इंग्रजी, सगळं एका ओळीत मांडलेलं असतं. एकच बाई एका हाताने संतोषीमातेची कथा उचलते आणि दुसऱ्या हाताने लोणच्यांची पुस्तिका. पुस्तकवाल्याचं वर्गीकरण मला ग्रंथालयशास्त्रापेक्षा जास्त पटतं. तरी त्याच्या ताडपत्रीवरचा निम्मा माल टाकाऊ असतो, हेही सांगून टाकतो. वशीकरणाच्या पुस्तिकांवर पैसे घालवू नयेत.

आधी मागच्या जन्माचं घेऊ, कारण आईला त्यात गोडी आहे.

आपल्याकडे पुनर्जन्मावरचं जे पुस्तक सर्वाधिक ऐकलं जातं ते कुणी विकत घेत नाही. घरात कुणी गेलं की दहा-तेरा दिवस गरुडपुराण लागतं. कुठल्या पापाने कुठली योनी, वाटेत वैतरणी कशी, तिथे काय दान कामी येतं, असा सगळा हिशेब त्यात आहे. लहानपणी भिंतीला टेकून मी ते ऐकलंय आणि पुढे कित्येक रात्री अंधारात संडासला जायला घाबरलोय. पण मोठेपणी लक्षात आलं की त्या हिशेबाची दुसरी बाजू जास्त भयंकर आहे. एखाद्याचं पीक बुडालं, मूल अपंग जन्मलं, कर्ज फिटेना, की ओट्यावरचा म्हातारा सहज म्हणून जातो, "मागच्या जन्मीचं असन बावा काही." यवतमाळ जिल्ह्याचं नाव देशभर पोचलं ते शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे. अशा जिल्ह्यात हे वाक्य बोलणाऱ्यापुरतं राहत नाही, ऐकणाऱ्याच्या आत जाऊन बसतं. म्हणून पुनर्जन्मावरचं पुस्तक सुचवताना मी एवढंच पाहतो, की ते वाचून माणूस हात चालवायला लागेल की हात गाळून बसेल.

या कसाला उतरणारी तीन पुस्तकं आहेत. तिन्हींची नावं सर्वांना माहीत, पण नेमकं हवं ते प्रकरण जवळपास कुणी न वाचलेलं. ज्याला कमी माहितीचं पुस्तक म्हणतात, ते कित्येकदा फार माहिती असलेल्या पुस्तकाच्या पोटात दडलेलं असतं.

पहिलं टिळकांचं 'गीतारहस्य'. मंडालेच्या तुरुंगात लिहिलेलं, १९१५ साली छापलेलं. एका तालुक्याच्या वाचनालयात मी त्याची जुनी प्रत मागितली. सुरुवातीच्या 'विषयप्रवेशा'ची पानं बोटं लागून मऊ झालेली, कडा काळवंडलेल्या. दहाव्या प्रकरणाशी आलो तर पानं कोरी करकरीत, आणि दोन पानं वरच्या कडेला अजून एकमेकांना जोडलेलीच. इतक्या वर्षांत ती कुणी कापलीच नव्हती. ग्रंथपालांकडून पट्टी घेऊन मी ती कापली. त्या प्रकरणाचं नाव 'कर्मविपाक आणि आत्मस्वातंत्र्य'. संचित, प्रारब्ध, क्रियमाण ही कीर्तनात ऐकलेली तीन खाती टिळक तिथे सोडवून पाहतात. ज्याचं फळ भोगायला सुरुवात झाली ते कर्म आणि ज्याची झाली नाही ते कर्म, असे दोनच भाग ते खरे धरतात, आणि मग मूळ प्रश्नाला हात घालतात, की सगळं आधीच ठरलेलं असेल तर 'असं वाग' हा उपदेश तरी कुणाला करायचा? भाषा जड आहे. एका बैठकीत चार पानांच्या वर जाऊ नये.

टिळकांचं नाव निघालं की वणीचे लोकनायक बापूजी अणे आठवलेच पाहिजेत. १९३० साली पुसदला जंगल सत्याग्रह करणाऱ्या या माणसाने उतारवयात टिळकांवर 'तिलकयशोऽर्णवः' हे संस्कृत महाकाव्य लिहिलं. १९७३ सालचा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला मिळाला, तेव्हा बापूजी जाऊन पाच वर्षं झाली होती. आज जिल्ह्यात बापूजींचे पुतळे आणि चौक आहेत, पण त्यांचं पुस्तक मला एकाही घरात दिसलेलं नाही. संस्कृत येणाऱ्यांसाठी ही शिफारस, इतरांनी नाव लक्षात ठेवलं तरी पुरे.

दुसरं पुस्तक डॉ. आंबेडकरांचं 'बुद्ध आणि त्याचा धम्म'. जिल्ह्यातल्या कुठल्याही बौद्ध वस्तीत हे पुस्तक घरात असतं, पुष्कळदा बुद्धमूर्तीशेजारी कापडात गुंडाळून. चौथ्या खंडात पुनर्जन्म आणि कर्म यांवर जी पानं आहेत ती कापडातून बाहेर काढण्याजोगी आहेत. बाबासाहेब तिथे पुनर्जन्माचा प्रश्न फोडून दोन करतात, की जन्म पुन्हा होतो तो कशाचा, आणि पुन्हा होतो तो कुणाचा. पृथ्वी, आप, तेज, वायू ही द्रव्यं विखुरतात आणि पुन्हा कशात तरी मिसळतात, इतपत ते मान्य करतात. तोच आत्मा सामान बांधून पुढच्या घरी जातो, हे मान्य करत नाहीत. मग येतो खरा घाव. मागच्या जन्मीच्या कर्माने माणूस गरीब जन्मतो असं म्हणायचा एकच उपयोग, तो म्हणजे गरिबाच्या हलाखीची जबाबदारी समाजाने आणि राज्याने झटकणं. हे पुस्तक प्रकाशित झालं १९५७ मध्ये, लेखक गेल्यावर. ओट्यावरच्या म्हाताऱ्याला उत्तर हवं असेल तर ते इथे आहे.

तिसरी 'ग्रामगीता'. तुकडोजी महाराजांची ही पोथी १९५५ ची, अध्याय ४१. खंजिरीवरची भजनं सगळ्यांना येतात, गुरुदेव सेवा मंडळाच्या प्रार्थनेत ओव्याही म्हटल्या जातात. पण अनुक्रमणिका कधी सलग वाचली आहे का? देवदर्शन, संसार-परमार्थ इथून सुरू होऊन ती ग्रामशुद्धी, ग्रामआरोग्य, गोवंशसुधार, श्रमसंपत्ती, अंत्यसंस्कार अशी उतरत जाते. जत्रेतल्या ताडपत्रीसारखीच रचना, एका ओळीत देव आणि खताचा खड्डा. पुढे 'प्रारब्धवाद' नावाचा अध्याय आहे आणि त्याच्या पाठोपाठ 'प्रयत्नप्रभाव'. हा क्रम महाराजांनी उगाच लावलेला नाही. दैवाला बोल लावून बसणाऱ्याला आधी समोर बसवून त्याचं ऐकून घ्यायचं आणि मग त्याला उठवायचं, अशी ती उलटतपासणी आहे. ओवी सोपी, बोली जवळची, मोठ्याने वाचायला केलेली. एसटीतल्या त्या तरुणाच्या मागणीला सगळ्यांत जवळ बसणारं पुस्तक हेच. मी त्याला हेच का सांगितलं नाही? घराघरांत असतं म्हणून सांगायची लाज वाटली असावी.

आता ज्यांना तत्त्वचर्चा नको, घडलेलं काही हवं, त्यांच्यासाठी. नागपूर आपल्याला दूर नाही. तिथल्या एका प्राध्यापक बाई १९७४ पासून अधूनमधून स्वतःला शारदा म्हणवू लागल्या, बंगाली बोलू लागल्या, आणि त्या अवस्थेत त्यांना मराठी कळेनासं होई. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या बंगालमधलं आपलं घराणं त्या सांगत. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विद्यापीठाचे इयान स्टीव्हनसन आणि आपल्याकडच्या सतवंत पसरिचा यांनी त्याचा अभ्यास केला. १९८४ मध्ये न शिकलेल्या भाषांवर आलेल्या स्टीव्हनसन यांच्या पुस्तकात हे प्रकरण विस्ताराने आहे. पुढे वि. वि. अकोलकर यांनीही वेगळा शोध घेऊन अहवाल लिहिला. घराण्यातली काही नावं जुळली, हे समर्थकांचं बळ. बाईंनी पूर्वी बंगाली वाचायचे थोडे धडे घेतले होते, हे खुद्द स्टीव्हनसन यांनीच नोंदवलंय, आणि शंका घेणाऱ्यांचं बोट तिथेच आहे. नागपुरात बंगाली कुटुंबं काही कमी नाहीत. माझं मत विचाराल तर मला शंका घेणारे जास्त पटतात, पण वाचायला स्टीव्हनसन हवेत. हा माणूस आपल्याविरुद्ध जाणारा तपशील दडवत नाही. यासोबत नरेंद्र दाभोलकरांचं 'भ्रम आणि निरास' हाताशी ठेवावं. दोन्ही बाजू एकाच आठवड्यात वाचल्या की डोकं ताळ्यावर राहतं.

खरा खजिना मात्र आपल्याच मातीत आहे आणि तो सातशे वर्षं जुना आहे. महानुभावांचं वाङ्मय. अमरावती जिल्ह्यातलं रिद्धपूर ही त्या पंथाची काशी. आता तिथे मराठी भाषेचं विद्यापीठ झालं, तेव्हा तरी वाट वाकडी करायला हरकत नाही. म्हाइंभटांच्या 'लीळाचरित्रा'चं नाव शाळेत पाठ केलेलं असतं. पण त्यातल्या 'एकांका'तली पंथसंस्थापक चक्रधरांच्या अवताराची कथा पुनर्जन्माच्या नेहमीच्या साच्यात बसतच नाही. भडोचचा राजपुत्र हरिपाळदेव मरतो, चितेची तयारी होते, आणि द्वारकेच्या चांगदेव राउळांनी सोडलेला आत्मा त्या देहात येऊन उभा राहतो. पुन्हा जन्म घेतलेला नाही, तयार देह स्वीकारलेला आहे. मग बायको आहे, जुगार आहे, कर्ज आहे, आणि या सगळ्यातून निघून जाणं आहे. आठशे वर्षांपूर्वीच्या संसाराचं इतकं उघडं चित्र मराठीत दुसरं नाही.

त्याहून कमी वाचली जाते ती 'स्थानपोथी'. चक्रधर जिथे जिथे थांबले त्या गावांची, देवळांची, मठांची ही नोंदवही. देऊळ कुठल्या दिशेला, दार कुणीकडे, शेजारी काय, एवढंच कोरडं लिहिलेलं. लिहिणाऱ्याच्या दृष्टीने त्या प्रत्येक जागेला परमेश्वराचा स्पर्श झालेला, म्हणून एक पायरीही चुकता कामा नये. भक्तीपोटी माणूस असा चोख मोजणीदार होतो. मला हे पुस्तक भूमापनाच्या कुठल्याही पाठ्यपुस्तकापेक्षा जास्त शिकवून गेलं. याच पंथाने आपल्या पोथ्या सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत लिहिल्या. इतिहासकार राजवाड्यांनी त्या लिपीची किल्ली शोधली तोवर हे सगळं बाहेरच्यांना बंद होतं. 'स्थानपोथी' आणि 'लीळाचरित्र' दोन्ही वि. भि. कोलत्यांनी संपादित केली. सुरुवात करणाऱ्याने मात्र आधी 'दृष्टांतपाठ' घ्यावा. दृष्टांत ११४, एकेक अर्ध्या पानाचा, वावरात दुपारच्या सावलीला वाचून होणारा.

वऱ्हाडचे दुसरे मोठे आणि दुर्लक्षित लेखक गुलाबराव महाराज. जन्म १८८१, मृत्यू १९१५, म्हणजे वय चौतीस. जन्मल्यावर वर्षाच्या आतच दृष्टी गेलेली. वाचून घ्यायचं दुसऱ्याकडून आणि लिहवून घ्यायचंही दुसऱ्याकडून, अशा रीतीने त्यांनी शंभरावर लहानमोठे ग्रंथ केले. 'सूक्तिरत्नावली' या मालेत ते आहेत. स्वतःला ज्ञानेश्वरांची कन्या म्हणवणाऱ्या या माणसाने डार्विन आणि स्पेन्सर ऐकून घेतले आणि त्यांच्याशी वाद घातला, मानसायुर्वेद लिहिला, 'नावंग' नावाची स्वतःची भाषासुद्धा रचली. सगळं वाचवत नाही, संस्कृतचं ओझं फार. 'साधुबोध' हा प्रश्नोत्तरांचा ग्रंथ मात्र घ्यावा आणि मधूनच कुठेही उघडावा. डार्विनविषयीची त्यांची उत्तरं आज टिकणारी नाहीत. पण माधानसारख्या खेड्यात, डोळ्यांनी अक्षर न पाहिलेला माणूस त्या वादात स्वतःहून उतरला, हे मला अजून आश्चर्याचं वाटतं.

एक वस्तू पुस्तक नाही, तरी सांगतो. मोक्षपट, म्हणजे आपल्या सापशिडीचा मराठी पूर्वज. कवड्या टाकायच्या, सद्गुणाच्या शिडीने वर, दुर्गुणाच्या सापाने खाली, आणि पुन्हा जन्म. पुण्याच्या वा. ल. मंजूळ यांनी जुने पट शोधून त्यावर काम केलं. पुनर्जन्माचा सिद्धांत पोराटोरांना हसत शिकवणारं याहून चांगलं साधन मी पाहिलं नाही.

आणि पुनर्जन्म सगळेच मानतात असंही धरून चालू नये. केळापूर, झरी, मारेगाव, राळेगाव भागात गोंड आणि कोलाम मोठ्या संख्येने आहेत. गोंडांकडे गेलेला माणूस पेन, म्हणजे देव, होऊन कुळातच राहतो. त्याला चौऱ्याऐंशी लक्ष योनींत फिरायला पाठवत नाहीत. मोतीरावण कंगाली यांचं 'पारी कुपार लिंगो गोंडी पुनेम दर्शन' हिंदीत आहे. त्यातल्या काही व्युत्पत्ती मला ओढलेल्या वाटतात. तरी शेजाऱ्याचा देव समजून घ्यायला ते वाचलं पाहिजे.

आता कामाचं. इथे माझी पहिली शिफारस पुस्तक नसून एक घडीचा कागद आहे. कीटकनाशकाच्या खोक्यात, डब्याभोवती गुंडाळलेला असतो तो. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना वीसहून अधिक माणसं मेली, शेकडो दवाखान्यात गेली. कपाशी डोक्याएवढी वाढलेली, हातात बॅटरीचा पंप, अंगावर बनियन आणि तोंडाला दुपट्टा. मी तो कागद उलगडून पाहिला. उलगडला की उशीच्या अभ्र्याएवढा होतो. कितीतरी भाषा, मराठीच्या वाट्याला एक पट्टी, आणि अक्षर असं की मला चष्मा लावूनही भिंग शोधावं लागलं. घ्यायची काळजी, विषबाधेची लक्षणं, उतारा, सगळं त्यात आहे. ज्या माणसाचा जीव त्यावर अवलंबून, त्याला ते वाचता येणार नाही अशी सोयच जणू करून ठेवलेली. तोवर निदान डब्यावरचा उभा चौकोन तरी पाहायला शिकावं. खालच्या अर्ध्यात तांबडा रंग म्हणजे सर्वांत जहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. हिरवा म्हणजे निर्धोक असं नव्हे. माझं चाललं तर ग्रामगीतेच्या पुढच्या आवृत्तीला हा तक्ता मोठ्या टायपात जोडून देईन. महाराजांची हरकत नसती.

दुसरी शिफारस अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची 'कृषी संवादिनी'. दरवर्षी निघते, दिसायला रोजनिशी, आत वाण, पेरणीच्या वेळा, कीड, खतं. ती घेणारे पुष्कळ आहेत, पण घरी तिच्यावर दुधाचा हिशेब लिहिला जातो.

अध्यात्म आणि शेती एकाच नावात बांधणारा माणूसही वऱ्हाडातलाच. सुभाष पाळेकर, २०१६ चे पद्मश्री. त्यांनी आपल्या पद्धतीला आध्यात्मिक शेती असंही नाव दिलं. जीवामृताची कृती त्यांच्या पुस्तिकांमुळे पाठ झालेले शेतकरी मला भेटलेत. दोनशे लिटर पाण्यात दहा किलो शेण, गोमूत्र, किलो-दोन किलो गूळ, तितकंच बेसन आणि बांधावरची मूठभर माती. कृती नेमकी आणि स्वस्त. त्याभोवतीचा अभिनिवेश मात्र गाळून घ्यावा. उत्पन्नाच्या दाव्यांवर कृषिशास्त्रज्ञांनी आक्षेप घेतलेत आणि ते ऐकण्यासारखे आहेत. एक एकरावर करून पाहावं, सहाच्या सहा एकर पणाला लावू नयेत. यवतमाळजवळचे सुभाष शर्मा यांनी वर्षानुवर्षं विनारसायन शेती केली, २०२५ मध्ये त्यांनाही पद्मश्री मिळाली. त्यांच्याबाबतीत मी पुस्तकापेक्षा शिवारफेरीच सुचवीन.

आणि जुन्यातलं जुनं, जोतीराव फुल्यांचा 'शेतकऱ्याचा असूड', १८८३. त्याचं पहिलं प्रकरण सगळे सांगतात, जन्माआधीपासून मेल्यानंतरपर्यंत धर्माच्या नावाने शेतकऱ्याकडून काय काय उकळलं जातं त्याचं. शेवटाकडचं कुणी सांगत नाही. तिथे जोतीराव बांध घालायचे कसे, पाणी अडवायचं कुठे, जनावरांची पैदास कशी सुधारायची, याची यादीच देतात. संतापून लिहायला बसलेला माणूस शेवटी कुदळ-फावड्यावर येतो. पुस्तक पातळ आहे, कुठेही मिळतं.

आरोग्याचं विचाराल तर डॉ. श्याम अष्टेकरांचं 'भारतवैद्यक'. जिथे डॉक्टर दोन नद्या ओलांडून आहे त्या गावासाठी.

तो तरुण मला पुन्हा भेटला, दिवाळीनंतर, त्याच मार्गावर. मी सांगितलेली दोन नावं त्याला आठवतही नव्हती. गावातल्या सेवा मंडळाकडून त्याने आपणहूनच 'ग्रामगीता' आणली होती आणि रोज रात्री एक अध्याय असं करत अंत्यसंस्कारापर्यंत आला होता. म्हटलं, मग आई काय म्हणते? तो हसला. "आई म्हणते, माही तेरवी करू नका. थे पैसे विहिरीच्या गाळाले लावा." आणि मग? "मंग काय, मोठा भाऊ म्हणते लोक काय म्हणतीन. आई अजून धडधाकट हाये, अन् घरात तिच्या तेरवीचं भांडण सुरू हाये." बस लाडखेडला थांबली. त्याने खाली उतरून खिडकीशी येऊन विचारलं, स्थानपोथी म्हणता थे कुठी भेटन.